तिकडची वाटी

आमच्या दाजींना कुणाच्याही घरी न्यायचं म्हणजे आधी त्यांच्याकडून कबूल करून घ्यावं लागतं. दाराला कुलूप लावता लावता ताई बोट नाचवून बजावते, "तिथे काहीही उलटं करून बघायचं नाही. ऐकलं ना?" दाजी मान डोलावतात. ती मान डोलावणं काही कामाचं नसतं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तिथे पोचलं की समोर पाण्याचा ग्लास येतो. दाजी तो उजेडाकडे धरतात, कडेवरून नख फिरवतात, मग घटाघटा पाणी पितात. तहान बिहान काही नसते, ग्लासाचं बूड बघायचं असतं. एकदा एका ओळखीच्यांकडे त्यांना दम धरवला नाही. पाणी संपायच्या आधीच ग्लास उलटा केला आणि ते सगळं यजमानांच्या मांडीवर. मी पोट धरून हसलो होतो. ताई मात्र घरी येईपर्यंत माझ्याशीसुद्धा बोलली नाही.

मी ताईचा धाकटा भाऊ. डोकं माझं लवकर तापतं आणि तोंडही लवकर सुटतं, हे आधीच सांगून ठेवतो. दाजींवर मी जितका वैतागलो असेन तितका सख्ख्या भावावर कुणी वैतागला नसेल. पण माणूस म्हणाल तर अगदी गरीब. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून आयुष्यभर भिंगं घासली. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मागे हे फ्रेमच्या मापाला काच कापून, कडा घासून, फुंकर मारून बसवायचे. बोटांच्या टोकांना कायम पांढुरकी भुकटी. बोलणं कमी, आवाज त्याहून कमी. फक्त एका विषयावर त्यांना बोलतं केलं की मग आवरणं कठीण, आणि तो विषय म्हणजे तिकडची काच.

तिकडची म्हणजे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क अशा थंड देशांतली. आमच्या आईवडिलांच्या तरुणपणी तिकडच्या कारखान्यांत वाट्या, बश्या, मेणबत्तीची घरं असं काय काय बनायचं. तापलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा आणि वरून दणकन दाबायचा. त्यामुळे ती जाडजूड असते आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथे अंगावर बारीक शिवण राहते. नक्षी साधीच. गोठलेल्या पाण्यासारखी, झाडाच्या सालीसारखी, नाहीतर नुसते थेंब. रंग धुरकट, नाहीतर मधासारखा, नाहीतर खोल निळा. दुकानात स्क्रू ठेवायला अशीच एक बशी होती. एका दुपारी खिडकीतून ऊन तिच्यावर पडलं, आणि आमच्या ताईच्या संसारात सवत आली ती अशी.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी सकाळी दाजी घरात दिसले तर ते आजारी आहेत असं समजावं. जुन्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या तुटक्या पंख्यांच्या आणि बिनझाकणाच्या किटल्यांच्या ढिगात हे उकिडवे बसून काच शोधणार. बाहेरच्या खोलीत जिथे सगळ्यांकडे टीव्ही असतो तिथे यांचं काचेचं कपाट. आत छोटा दिवा. त्यातल्या कशात कधी कुणी काही खाल्लं नाही, प्यायलं नाही. धुवायचा कार्यक्रम वेगळाच. बादलीत कोमट पाणी, तळाला टॉवेल, एकेक वस्तू आत सोडायची आणि ती बाहेर येईपर्यंत घरात कुणी शिंकायचं नाही. ताई म्हणायची, "मुलीला आंघोळ घालताना एवढी काळजी नव्हती घेतली हो यांनी."

निकाल द्यायची त्यांची पद्धत दोन शब्दांची. "तिकडची आहे" किंवा "तिकडची नाही." शेजारचे हौसेने आजीची फुलदाणी घेऊन येणार, दाजी ती उलटी करणार, नख फिरवणार आणि सांगणार, "तिकडची नाही." समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना कधी दिसला नाही. दिसतच नव्हता. डोळे काचेवर असायचे.

कपाटातलं मानाचं स्थान एका निळसर धुरकट वाटीला. अंगभर थेंबांची नक्षी. तिच्याखाली तिची बशी, तिलाही तेच थेंब आणि मधोमध वाटी बसायला गोल खाच. बशीच्या बुडाला कारखान्याचा कागदी शिक्का अजून चिकटलेला. असे शिक्के टिकत नाहीत म्हणे, पहिल्याच धुण्यात जातात. वाटी आणि बशी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी मिळाली होती, आणि शेवटी जोडी जमली म्हणून दाजींनी आम्हा सगळ्यांना पेढे द्यायचेच बाकी ठेवले होते. मी आपला हात लावून म्हणालो, "दाजी, ही खाचेत खुळखुळतेय की." दाजी हसले. म्हणाले, "अरे, मुद्दाम सैल ठेवतात. उचलायला सोपी पडते. त्यांनी विचार करून केलेलं असतं." मी म्हटलं असेल बुवा.

हे सगळं सांगितलं कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही.

भाचीने लग्न ठरवलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, हसरा, कामसू. वडील नव्हते. ते मालवाहू बोटीवर इंजिनाच्या कामाला होते, मुलगा शाळेत असतानाच गेले. आईने पडदे शिवून घर चालवलं. भाचीला त्या बाईंचा फार लळा. "मामा, मला मुलापेक्षा आई जास्त आवडली आहे," असं मला हळूच सांगून हसली होती. तर एका संध्याकाळी ताई, दाजी, भाची आणि मी असे चौघे त्यांच्याकडे गेलो. जिन्यात ताईने नेहमीचं बोट नाचवलं. दाजींनी मान डोलावली.

घर लहान पण लखलखीत. एका कोपऱ्यात शिलाई मशीन, वर स्वच्छ चादर घातलेली. भिंतीला लागून घडी केलेल्या पडद्यांची चळत. विहीणबाई, म्हणजे होऊ घातलेल्या, सडसडीत आणि मोकळ्या बोलणाऱ्या. पहिल्या पाच मिनिटांत ताईशी त्यांचं असं जमलं की आम्ही पुरुष नुसते उगाच बसलेले. मग चहा आला. ट्रेमध्ये कपबश्या, आणि मधोमध साखरेची निळसर धुरकट वाटी. अंगभर थेंब.

दाजी खुर्चीत पुढे सरकले. ताईने टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय ठेवला, तो मला दिसला.

विहीणबाईंचं लक्ष गेलं. त्यांना वाटलं असणार, काय कौतुकाने बघतायत. त्या म्हणाल्या, "ही यांची आठवण. रोज काढत नाही, आज तुम्ही येणार म्हणून काढली." आणि मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा बोटीवर गेला तो ठरल्या वेळेला आलाच नाही. दोन महिने उलटून गेले. पत्र नाही, निरोप नाही. सासरचे, माहेरचे, शेजारचे, ज्याच्या तोंडाला येईल ते बोलायला लागले. बंदरात दुसरा संसार असेल, असंही बोलले. "मग एके दिवशी हे दारात उभे. म्हणाले, बोट तिकडे बर्फात अडकली होती. कुणाचा विश्वास बसेना. खोटं कशाला बोलू, माझाही बसेना. तेव्हा यांनी पेटी उघडली, शर्टात गुंडाळलेली ही वाटी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणाले, तिकडच्या गावात घेतली तुझ्यासाठी. बस्स. सगळ्यांची तोंडं बंद. माझंसुद्धा."

मुलगा आईकडे बघून हसत होता. त्याने ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली असणार.

आणि आमच्या दाजींनी काय केलं? वाटी उचलली. आतली साखर स्वतःच्या बशीत ओतली. बशीत थोडा चहा सांडलेला, साखर भिजली, पण तिकडे बघतो कोण? वाटी उजेडाकडे धरली, नख फिरवलं, उलटी केली. आम्ही हसलो. विहीणबाईही हसल्या, "बघा बघा, सावकाश बघा," म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता हा जाणकार माणूस चार चांगले शब्द बोलणार.

"तिकडची नाही," दाजी म्हणाले.

मी म्हटलं, "दाजी!" पण गाडी सुटली होती. "माझ्याकडे हीच वाटी आहे, खरी. ही तिच्यापेक्षा मोठी आहे आणि जडही आहे. नक्कल करणाऱ्याला माप जमलेलं नाही. इकडच्याच कुठल्यातरी कारखान्यात झालेली दिसते. बाजारात मिळायच्या अशा." एवढं बोलून त्यांनी चमचा घेतला आणि बशीतली कोरडी राहिलेली साखर एकेक चमचा करून वाटीत परत भरायला लागले. त्या खोलीत दुसरा आवाज नव्हता. चमचा आणि काच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. चूक माझी नव्हती, पण कान माझे जळत होते.

विहीणबाई म्हणाल्या, "असं होय." मग म्हणाल्या, "घ्या ना, चहा गार होतोय."

बाहेर पडल्यावर जिन्याच्या वळणावर भाची थांबली. रडत नव्हती, ते जास्त वाईट. "बाबा, तुम्ही काय बोललात कळलं का तुम्हाला?"

"खरं तेच सांगितलं," दाजी म्हणाले. "वाईट म्हटलं नाही मी. चांगली आहे वाटी. फक्त तिकडची..."

"ती तिकडची नसेल तर ते दोन महिने त्याचे बाबा कुठे होते?"

दाजी तसेच उभे राहिले. त्यांनी कठडा धरला. हा प्रश्न त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता, शपथेवर सांगतो. गोष्ट कानावर पडली होती, पण तेव्हा ते बूड बघत होते. आता हळूहळू ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. घरी पोचल्यावर मी त्यांना नको नको ते बोललो. काचेच्या नादाने तुमचं काळीज काचेचं झालंय, इथपर्यंत बोललो.

दुसऱ्या दिवशी मुलाकडून भाचीला कळलं. आईने मशीनवरची चादर काढलीच नाही. नवऱ्याच्या फोटोसमोर बसून राहिली आणि मुलाला एकदाच म्हणाली, "मला म्हणायचे, तुझ्यापाशी खोटं बोलवत नाही." विचारायचं तरी कुणाला? बोटीची कंपनी कधीच बंद पडलेली, बरोबरचे लोक कुठे पांगले कुणास ठाऊक. सगळा पुरावा ती एक वाटी.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो तर कपाट सताड उघडं, आणि दाजी जमिनीवर फतकल मारून बसलेले. पुढ्यात शिक्क्याची बशी आणि तिच्यावर त्यांची लाडकी वाटी. ते बोटाने वाटी हलवत होते. खुळखुळ. थांबायचे, परत हलवायचे. खुळखुळ.

"तू म्हणाला होतास," माझ्याकडे न बघता ते बोलले.

"काय?"

"खुळखुळतेय म्हणून." मग त्यांनी सांगितलं, अगदी सावकाश, गुन्हा कबूल करणाऱ्यासारखं. नक्कल करणारा नवा साचा कोरत बसत नाही. तो खऱ्या वाटीवरूनच साचा उतरवतो. त्या साच्यातली काच निवताना आक्रसते. म्हणून नक्कल नेहमी खरीपेक्षा जराशी लहान होते. मोठी कधीच होत नाही. "हे मला पाठ आहे रे. दहा जणांना मी हे सांगितलं असेल. बशी खरी आहे, शिक्का आहे तिच्यावर. वाटी तिच्यात बसत नव्हती तर मी म्हणालो, मुद्दाम सैल ठेवतात! माझी खरी धरली, म्हणून त्यांची मोठी वाटली. त्यांची खरी आहे. नकली माझी आहे."

त्यांचे कान लालबुंद झाले होते. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीत या माणसाला मान होता, तीच खोटी निघाली. मला खरं तर टाळ्या पिटायला हव्या होत्या. मी गुपचूप त्यांच्या शेजारी बसलो. ते म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्याने जायची लाज वाटते."

टॉवेलात गुंडाळून बशी आणि ती नकली वाटी घेऊन आम्ही गेलो. विहीणबाईंनी दार उघडलं, "या" म्हणाल्या, आवाजात राग नाही. मुलगाही घरात होता. दाजींनी टेबलावर टॉवेल पसरला आणि त्यांची वाटी मागितली. मुलाने ती स्वयंपाकघरातून आणली. साखर नव्हती, धुऊन पालथी घातलेली होती.

मी दाजींना एवढं बोलताना कधी ऐकलं नाही. आधी स्वतःची वाटी बशीत ठेवून खुळखुळ करून दाखवली. मग ती काढून त्यांची ठेवली. खाचेत अशी चपखल बसली की जरा दाबल्यावर टक् असा आवाज झाला. दाजींनी बशी हातात घेऊन तिरकी केली. वाटी जागची हलली नाही. "ही हिचीच जोडी आहे. माझी नकली आहे. मी मूर्ख आहे. काल मी चुकीचं बोललो. तुमचे यजमान तिकडे गेले होते, तिथूनच त्यांनी ही आणली." आणि या माणसाने हात जोडले.

विहीणबाईंनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाल्या, "भाऊ, मी लग्न मोडणार नाहीये. तुमची मुलगी मला पसंत आहे. त्यासाठी एवढा खटाटोप करायची गरज नव्हती."

"लग्नासाठी नाही हो..."

"काल तुम्ही बोललात तेव्हा तुम्हाला माझ्याकडून काही नको होतं. म्हणून मला ते पटलं. आज मुलगी मधे आहे. मुलीच्या बापाने दुसरं काय बोलावं? मीही हेच बोलले असते."

माझं डोकं तापलं. "अहो, डोळ्यांना दिसतंय ना! बसली की नाही वाटी?"

"बशी भाऊंची, वाटी भाऊंची, पारखही भाऊंचीच," त्या म्हणाल्या. "मला काय कळतं त्यातलं? मला तर इतकी वर्षं ती खरीच वाटत होती."

मुलगा म्हणाला, "आई, दुसऱ्या कुणाला दाखवू या ना." त्यावर त्या पहिल्यांदा जरा घाईने बोलल्या. "नको. नको रे. अजून एकाने नाही म्हटलं तर?" आणि वाटी बशीतून काढायला लागल्या. ती इतकी घट्ट बसली होती की दोन्ही हातांनी ओढावी लागली. बशी त्यांनी टॉवेलात नीट गुंडाळून दाजींच्या हातात दिली.

"बशी राहू द्या तुमच्याकडे," दाजी म्हणाले. "हिचीच आहे ती."

"तुमची वस्तू आहे, घेऊन जा," त्या म्हणाल्या.

लग्न झालं. छान झालं. विहीणबाई सगळ्यांशी हसून बोलल्या, भाचीला जवळ घेतलं, कुठे कसली अढी नाही. दाजींच्या कपाटातला दिवा मात्र त्यानंतर लागला नाही. सुट्टीच्या दिवशी ते घरात असतात. कुणी हौसेने काही घेऊन आलं तर हातात घेतात आणि उलटं न करता परत देतात. "छान आहे," म्हणतात. ताई मला म्हणाली, "पूर्वी वैताग यायचा रे, पण आता हे असे बसलेले बघवत नाहीत."

मग एकदा भाचीने आम्हाला जेवायला बोलावलं. मी आणि दाजी हात धुवायला गेलो. बेसिनच्या कडेला साबण ठेवला होता, त्या वाटीत. धुरकट निळी, अंगभर थेंब, आत पाणी साचून साबणाचा लगदा झालेला. दाजी बघतच राहिले. विहीणबाई टॉवेल घेऊन मागून आल्या. वाटीत साबण ठेवला त्यात टोमणा नव्हता हो. घरात एक वाटी होती, साबणाला कामाला आली, एवढंच. पण त्या तिथेच थांबल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "भाऊ, आता लग्न झालं. आता तुम्हाला काही सांभाळायचं नाही. मी कुणाला बोलणार नाही. खरं सांगा, ती तिकडची आहे का?"

दाजींच्या हातांना फेस. ते वळले आणि म्हणाले, "आहे. माझ्या मुलीची शपथ. आहे."

मला वाटलं, सुटलो. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते. मग त्यांनी टॉवेल पुढे केला. "फार चांगले आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या मनासाठी मुलीची शपथ घेता. माझ्या सुनेला चांगला बाप मिळाला." आणि पानं वाढायला निघून गेल्या.

दाजींनी टॉवेल माझ्याकडे दिला. साबण उचलून बाजूला ठेवला, वाटी नळाखाली धरली, लगदा बोटाने काढला, मग खिशातला रुमाल काढून ती आतून बाहेरून कोरडी केली. ओला साबण राहिला की काचेवर पांढरा डाग धरतो आणि तो मग कशानेही जात नाही, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. साबणही त्याच रुमालाने टिपला आणि परत वाटीत ठेवला.

आता कधीही तिकडे गेलो की जेवणाआधी दाजी हात धुवायला खूप वेळ लावतात. आम्ही सगळे पानावर थांबून राहतो. विहीणबाई कौतुकाने म्हणतात, "भाऊंना स्वच्छतेची फार आवड." ताई ताटाकडे बघत बसते. मी "हो ना," म्हणतो.